बॅटरीचं पाणी कोण बघणार?

लाइट गेली की घराघरांतून एकच हाक येते, "इन्व्हर्टर लागला का गं?" पंखा फिरत राहिला, स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणला नाही, की विषय मिटला. ज्या वस्तूच्या जिवावर हे सगळं चालतं ती बॅटरी मात्र जिन्याखालच्या अंधारात बसलेली असते. तिच्या डोक्यावर रद्दीचा गठ्ठा, मोडकी छत्री, गणपतीच्या मखराचं सामान. तिची आठवण येते ती लाइट गेल्यावर पाचव्या मिनिटाला इन्व्हर्टर 'टीं टीं' करून बंद पडतो तेव्हा. मग दुकानदार येतो, झाकण उघडतो आणि म्हणतो, "ताई, आत पाणीच नाही. गेली ही." बारा ते अठरा हजारांचा फटका! आणि कशामुळे, तर लिटर-दोन लिटर पाण्यावाचून.

मैत्रिणींनो, म्हणूनच आज या कोपऱ्यातल्या पेटीविषयी बोलू या. महिन्यातून पंधरा मिनिटं दिली तर ही बॅटरी पाच-सहा वर्षं सुखानं नांदते. नाही दिली, तर दोन-तीन वर्षांत मान टाकते. आणि ही पंधरा मिनिटं कुणी द्यायची, हा खरा प्रश्न आहे.

लोडशेडिंगनं आणलेली वस्तू

सातारा-सांगलीच्या बायकांना अंधाराची ओळख करून द्यायला नको. २००५ नंतरची ती वर्षं आठवा. त्याच वर्षी जूनमध्ये वीज मंडळाचे भाग होऊन महावितरण कंपनी आली, पण आपल्या तोंडी 'बोर्ड' ते 'बोर्ड'च राहिलं. शहरात चार-पाच तास आणि खेड्यात बारा-बारा तास लाइट नाही. दळण, पाणी भरणं, इस्त्री, मिक्सरमधलं वाटण, सगळं लाइटच्या वेळापत्रकाप्रमाणे. बारावीची पोरं मेणबत्तीवर अभ्यास करायची.

गंमत बघा. कोयनेचं धरण आपल्या पाटण तालुक्यात, १,९६० मेगावॅटचा एवढा मोठा जलविद्युत प्रकल्प त्याच्या पाण्यावर चालतो. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या गरगरतात. आणि त्या डोंगराखालच्या घरांत तेव्हा रॉकेलची चिमणी! त्याच दिवसांत ज्याला जमलं त्यानं इन्व्हर्टर घेतला. कुणी दिवाळीच्या बोनसमधून, कुणी भिशीच्या पैशांतून.

आता तसं रोजचं भारनियमन राहिलेलं नाही. पण लाइट जायची काही थांबली नाही. वळवाचा पाऊस आला, फांदी तारेवर पडली, डीपी जळाली, पावसाळ्यात पाटण-जावळीकडे खांबच कोसळला, की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. आणि आता इन्व्हर्टरवर फक्त पंखा नसतो. मुलांचा ऑनलाइन अभ्यास, वायफाय, मोबाइल आणि कुठे कुठे दम्याच्या सासऱ्यांचं वाफेचं मशीनसुद्धा असतं.

"ते आले की बघतील"

कुठल्याही घरात विचारा, बॅटरीचं पाणी कोण बघतं? उत्तर ठरलेलं, "ते बघतात." बरं, 'ते' असतात कुठे?

पाटण-जावळीच्या किती घरांतले पुरुष मुंबईला माथाडीच्या कामाला आहेत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घरटी एक जण फौजेत. खानापूर-आटपाडीकडची कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेली, आणि गावाकडच्या घरात सासू, सून नि लहान मुलं. अशा घरात दूध डेअरीला घालणं, बँकेचे हप्ते, म्हशीचा डॉक्टर, मुलांची शाळा, सगळं बाईच बघते. सिलिंडरचा रेग्युलेटर ती बदलते, कुकरचं झाकण ती सांभाळते. बॅटरी तेवढी 'ते' येईपर्यंत थांबायची. ते येणार यात्रेला, नाही तर दिवाळीला. बॅटरीला तेवढा धीर नसतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तिचं पाणी महिन्या-दीड महिन्यात खाली जातं.

हात न लावण्याचं कारण विचारलं तर ऐकू येतं, "आवं, करंट बसंल की!" भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. घरच्या बॅटरीचा दाब असतो १२ व्होल्ट. कोरड्या हातानं तिला स्पर्श झाला तर झटका बसत नाही. धोका आहे तो दुसऱ्या तीन गोष्टींचा. आतलं ॲसिड, वर येणारा गॅस आणि धातूच्या वस्तूनं होणारं शॉर्टसर्किट. हे तीन ओळखले की बाकी काम लोणच्याची बरणी सांभाळण्याइतकंच आहे.

या पेटीत असतं काय?

लोणच्याची बरणी उगाच नाही म्हटलं. कैरीची फोड खाराच्या वर उघडी राहिली की तिला बुरशी येते, हे आपल्याला आईनं शिकवलेलं असतं. बॅटरीचं तसंच. आत सहा खण असतात, प्रत्येक खण साधारण दोन व्होल्टचा, म्हणून सहाचे मिळून बारा. प्रत्येक खणात शिशाच्या प्लेटा पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात. १८५९ साली गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं ही युक्ती शोधली. दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी आपल्या जिन्याखाली अजून तीच चालते.

चार्जिंग होताना आतलं थोडं थोडं पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंच्या रूपानं उडून जातं. ॲसिड मात्र आतच राहतं. म्हणून वरून घालायचं ते फक्त पाणी, ॲसिड कधीही नाही. पाणी कमी झालं की प्लेटा उघड्या पडतात, त्यांच्यावर पांढरा कठीण थर बसतो आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. मागाहून कितीही पाणी घाला, वाळलेली फोड काही पुन्हा मुरत नाही.

हात लावण्याआधी

आता कामाला लागू. पण त्याआधी थोडी तयारी, आणि ही खास आपल्यासाठी.

पाटल्या, बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत घ्या. बॅटरीच्या दोन टोकांना म्हणजे टर्मिनलना एकाच वेळी धातू टेकला, तर इतका जोरात प्रवाह वाहतो की क्षणात तो धातू लालबुंद होतो. झटका बसत नाही, पण बांगडीचा चटका हाडापर्यंत जातो. हिरव्या काचेच्या बांगड्या असतील तर त्या ठेवा, काचेतून प्रवाह जात नाही.

पदर खोचून घ्या, शक्यतो जुना गाऊन किंवा जुनी साडी नेसा. ॲसिडचा बारीक थेंब सुती कापडावर पडला तर तेव्हा काही दिसत नाही, धुतल्यावर भोकं पडलेली दिसतात. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर साधा चष्मा असावा. जवळ बादलीभर स्वच्छ पाणी भरून ठेवा.

इन्व्हर्टरचं बटण बंद करा, त्याचा प्लग भिंतीतून काढा. खिडकी-दार उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे साचलेला गॅस निघून जाईल. उदबत्ती, निरांजन, काडेपेटी जवळ नको. आत किती पाणी आहे ते बघायला मेणबत्ती तर मुळीच नको, बॅटरीचा टॉर्च घ्या. मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवा.

एवढं करूनही थेंब उडालाच, तर कातडीवर भरपूर पाणी ओता आणि साबणानं धुवा. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवायचा आणि तडक डॉक्टरांकडे जायचं. फरशीवर सांडलं तर त्यावर खायचा सोडा टाका. फसफस थांबली की पाण्यानं पुसून घ्या. आपल्याकडच्या शहाबादी फरशीवर लवकर टाका, नाही तर ॲसिड ती फरशीच खातं आणि डाग कायमचा राहतो.

पाणी कुठलं आणि किती?

पाणी घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे आपण ज्याला 'बॅटरीचं पाणी' म्हणतो ते. बॅटरीच्या दुकानात, गॅरेजमध्ये, पेट्रोल पंपावर कॅन मिळतो. महिन्याच्या केबलच्या बिलापेक्षाही कमी पैशांत काम होतं.

"एवढं स्वच्छ फिल्टरचं पाणी आहे, ते का नको?" असं हमखास विचारलं जातं. पाणी प्यायला चांगलं असलं तरी त्यात क्षार असतातच, थोडे का असेनात. बाटलीतल्या मिनरल वॉटरमध्ये तर कित्येकदा मुद्दाम घातलेले असतात. वाळवा, मिरज, पलूस या भागांतल्या बायकांना क्षार म्हणजे काय हे सांगायला नको. कृष्णाकाठच्या काळ्याभोर रानात पांढरी बुरी वर आली की ती जमीन ऊससुद्धा नीट धरत नाही. बोअरच्या पाण्यानं तपेल्याच्या बुडाला बसणारा थर तोच. ते क्षार बॅटरीत गेले की प्लेटांची क्षारपड जमीन होते. पाणी उडून जातं, क्षार आत साठत राहतात. म्हणून नळाचं, बोअरचं, आरओचं किंवा उकळून गार केलेलं पाणी नको. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत.

आता किती घालायचं? नव्या बॅटऱ्यांवर सहा बुचं असतात आणि प्रत्येकात एक तरंगता काटा असतो. त्यावर लाल आणि हिरवी खूण असते. काटा लाल खुणेजवळ आला की पाणी हवं, हिरवीपर्यंत आला की बस्स. जास्त भरू नका. चार्जिंगच्या वेळी आतलं पाणी फुगतं आणि ॲसिड बुचातून बाहेर येतं. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर पाणी घालणं चांगलं. प्लेटा उघड्या दिसत असतील तेवढं मात्र आधी त्या बुडेपर्यंत घाला, मग चार्ज करा, मग उरलेलं भरा.

भरायला प्लॅस्टिकचा नरसाळा वापरा, स्टीलचा किंवा पितळेचा नको. आणि तो नरसाळा पुन्हा स्वयंपाकघरात आणायचा नाही, त्याला बॅटरीपाशीच खुंटी द्या.

बघताना सहाही खण बघा. पाच खणांत पाणी ठीक आणि एकातच पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर त्या खणात बिघाड आहे. कारागिराला बोलवा. तो हायड्रोमीटर नावाची काचेची नळी घेऊन 'ग्रॅव्हिटी' तपासतो. आपल्याकडच्या ट्युब्युलर बॅटरीत पूर्ण चार्ज झाल्यावर ती १२४० च्या आसपास येते. एखादा खण बाकीच्यांपेक्षा पन्नासेक अंकांनी मागे असेल तर तो आजारी समजावा. "सगळे खण किती आले ते लिहून द्या, दादा" असं सांगायला लाजू नका. समोरची बाई विचारते आहे म्हटल्यावर काम नीट होतं.

टर्मिनलवरची बुरशी

बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी जमते, ती पाहिली असेल. साताऱ्याच्या पावसाळी हवेत, महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला तर ती फार लवकर जमते. तिच्यामुळे वायरीची पकड सैल होते, चार्जिंग नीट होत नाही, जोड तापतो.

बुचं घट्ट लावलेली आहेत ना, हे आधी बघा. मग कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं भुकटी घासा आणि ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा. सोड्याचा एक थेंबही बुचातून आत जाता कामा नये, तो आतलं ॲसिड मारतो. शेवटी टर्मिनलवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. घरातलं तेल किंवा तूप लावू नका.

वायर काढायची वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा. काढताना आधी काळी म्हणजे निगेटिव्ह, मग लाल. लावताना आधी लाल, मग काळी. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असावी. हे जमत नसेल तर सरळ वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही. पाणी बघणं आणि पुसणं एवढं आपल्या हातात असलं तरी निम्मं काम झालं.

तिची जागा कुठली?

बॅटरीला वारा हवा. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेपेक्षा हलका, तो वर जातो. बंद कपाटात किंवा कोंदट जिन्याखाली तो साचतो आणि एका ठिणगीनं पेट घेतो. म्हणून देवघराशेजारी नको, गॅसच्या ओट्याखाली नको, झोपायच्या लहान खोलीत नको. हवेशीर पॅसेज किंवा सावलीची गॅलरी चांगली.

उन्हाचा तर तिला फार त्रास. सांगली, जत, आटपाडीकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो. बॅटरीला पंचविसाच्या आसपासचं तापमान मानवतं. त्यापुढे कायम दहा अंश जास्त तापमानात राहिली, तर तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर का जाते, याचं उत्तर हेच.

आणि हो, डोक्यावरचा तो रद्दीचा गठ्ठा आधी काढा.

किती ओझं द्यायचं?

१५० ॲम्पिअरची बॅटरी म्हणजे काय, याचा हिशेब सोपा आहे. १२ गुणिले १५०, झाले १,८०० वॅट-तास. त्यातलं इन्व्हर्टर थोडं खातो आणि बॅटरी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नसते. दोन साधे पंखे दीडशे वॅटचे, चार एलईडी दिवे छत्तीस वॅटचे, मिळून १८६ वॅट. एवढ्यावर नवी बॅटरी पाच-सहा तास चालते. तेच पंखे कमी विजेचे, बीएलडीसी म्हणतात तसे असतील, तर एक पंखा तीस वॅटमध्ये भागतो आणि वेळ जवळजवळ दुप्पट होतो.

फ्रीज, मिक्सर, इस्त्री, गिझर, पाण्याची मोटार यांना इन्व्हर्टरपासून लांब ठेवा. शिलाई मशीनची छोटी मोटार चालेल. घरी वाफेचं किंवा ऑक्सिजनचं मशीन असेल, तर त्यामागचे वॅट वाचून इन्व्हर्टरवाल्याला दाखवा आणि ते किती वेळ चालेल याचा हिशेब आधीच कागदावर घ्या. रात्री दोन वाजता तो हिशेब करायची वेळ येऊ नये.

बॅटरी रोज अगदी तळाला गेली की तिचं वय झपाट्यानं कमी होतं. उलट महिनोन् महिने लाइट गेलीच नाही, तर नुसतं बसूनही ती आळसावते. अशा वेळी महिन्यातून एकदा प्लग काढून तास-दोन तास घर तिच्यावर चालवा आणि पुन्हा पूर्ण चार्ज करा.

मेन बंद, तरी घरात करंट

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. मेन स्विच बंद केला म्हणजे घरातला करंट गेला, असं इन्व्हर्टरच्या घरात नसतं. मेन बंद झाला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो लगेच आपला २३० व्होल्टचा पुरवठा चालू करतो. हा करंट जिवावर बेततो. बल्बचा होल्डर बदलायचा असो, बोर्ड उघडायचा असो, भिंतीत ओल आली असो, मेनसोबत इन्व्हर्टरही बंद करायचा.

पुराच्या वेळी तर हे फार जपायला हवं. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरतात. अशा वेळी महावितरण खबरदारी म्हणून पुरवठा बंद करतं. बाहेरची लाइट गेलेली, घरात गुडघाभर पाणी आणि खालच्या प्लगना इन्व्हर्टरचा करंट चालू! पाणी वाढतंय असं कळलं की आधी मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, वायरी सोडवून घ्या. बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, एकटीनं उचलायला जाऊ नका. दोघा-तिघांनी मिळून, आडवी न करता, वर न्यावी. वेळ नसेल तर तिला राहू द्या, माणसं आधी. घरात पाणी शिरल्यावर त्या पाण्यात उभं राहून इन्व्हर्टरला हात लावायचा नाही. पूर ओसरल्यावरही कारागिरानं बघितल्याशिवाय काही चालू करायचं नाही.

बॅटरी फुगली, हात लावता येणार नाही इतकी तापली, कुजक्या अंड्यासारखा वास यायला लागला, तर प्लग काढा, दारं-खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या आणि कारागिराला बोलवा.

महिनाभर घर बंद ठेवून जाणार असाल, तर पाणी बघून, बॅटरी पूर्ण चार्ज करून, इन्व्हर्टर बंद करून काळी वायर सोडवून ठेवायला सांगा.

जुनी देताना, नवी घेताना

नवी बॅटरी पक्क्या बिलावर घ्या. वॉरंटी कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का आपल्यासमोर मारून घ्या. वॉरंटीत पुष्कळदा दोन भाग असतात. पहिली काही वर्षं बॅटरी बदलून मिळते, पुढच्या काळात नवीच्या किमतीत फक्त सूट मिळते. 'साठ महिने वॉरंटी' ऐकून खूश होण्याआधी त्यातले फुकटचे महिने किती, ते विचारा.

जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. दोनशे-तीनशे रुपये जास्त मिळतीलही. पण ती कुठे तरी फोडली जाते, ॲसिड गटारात जातं, शिसं उघड्यावर वितळवलं जातं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमचं अपाय करतं आणि ती मुलं बहुतेक करून ते काम करणाऱ्यांचीच असतात. जुनी बॅटरी परत घेण्याचा नियम आपल्या देशात २००१ पासून आहे, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांवर तिची रीतसर विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्या, वजनावर किंमत करून बिलात वजा करून घ्या.

सोलर बसवलं म्हणजे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून गावागावांतल्या गच्चीवर पॅनेल दिसायला लागली. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये असं अनुदान त्यात ठरलं. पण एक गोष्ट अनेकींना बसवल्यावरच कळते. नुसतं पॅनेल आणि मीटर असलेलं सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरी! तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट लागू नये म्हणून तशी सोय केलेली असते. लाइट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर बॅटरी आणि तिला जुळणारा इन्व्हर्टर लागतोच. हे बसवण्याआधी विचारा.

लिथियमच्या बॅटऱ्या आता बाजारात आहेत. त्यांना पाणी लागत नाही, त्या वजनाला हलक्या आणि टिकाऊ असतात, पण किंमत जास्त. जुन्या इन्व्हर्टरला परस्पर लिथियमची बॅटरी जोडायची नाही, तो तिला चालतो का हे कंपनीकडून खात्री करून घ्यावं. ती उघडायची नाही आणि तिलाही उन्हात ठेवायची नाही.

कॅलेंडरवर एक खूण

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा लिहितो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो. त्यातच दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक छोटा 'बॅ' लिहून ठेवा. त्या दिवशी एवढंच करायचं :

* इन्व्हर्टर बंद, प्लग बाहेर, खिडकी उघडी, बांगड्या बाजूला.
* सहाही खणांचे काटे बघायचे, लागेल तेवढंच बॅटरीचं पाणी घालायचं.
* बॅटरीची वरची बाजू कोरड्या फडक्यानं पुसायची, टर्मिनलवर भुकटी असेल तर सोड्यानं साफ करून व्हॅसलिन लावायचं.
* किती पाणी लागलं ते कॅलेंडरवरच लिहायचं.
* पुन्हा चालू करून, पाच मिनिटं घर बॅटरीवर चालतंय का ते बघायचं.

चार-सहा महिने हे लिहिलं की आपली बॅटरी किती पाणी पिते ते तोंडपाठ होतं. अचानक जास्त लागायला लागलं, तर ती काही तरी सांगते आहे हे आपल्याला दुकानदाराच्या आधी कळतं. मग तो "गेली ही, नवीच घ्या" म्हणाला, तरी कॅलेंडर समोर धरून "दादा, मागच्या महिन्यापर्यंत तर ठीक होती, आधी ग्रॅव्हिटी दाखवा" असं म्हणता येतं. आणि शेजारच्या काकूंनाही एकदा बोलावून दाखवा. त्यांच्या जिन्याखालीही एक बॅटरी आहे, आणि त्यांचेही 'ते' दिवाळीलाच येणार आहेत.